पाणी येणार हे माहीत असतं, मग आधीच का निघत नाही?

"वहिनी, टीव्हीवर दोन दिवस आधी सांगतात की. मग पाणी अंगणात येईस्तोवर तुम्ही बसता कशाला?"

माझी पुण्याची नणंद दर जुलैत फोनवर हे विचारते. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात मदतीची गाडी घेऊन आलेल्या मुलांनीही हेच विचारलं होतं. तेव्हा सोप्यात घोटाभर चिखल होता आणि बोलायचं त्राण नव्हतं. आज सांगते.

आमचं गाव कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात, दूधगंगा नदीच्या काठाला. समुद्रावरची वादळं आमच्यापर्यंत क्वचितच पोचतात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रातून गुजरातेत जाऊन धडकलं. त्या वादळाला नाव होतं, वाट होती, ते नकाशावर पुढं सरकताना दिसत होतं. आमच्या पाण्याचं तसं दिसत नाही. कधीकधी गावात चक्क ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते. पाऊस झालेला असतो तो वर, घाटमाथ्यावर. कोयना धरणाचं पाणी कृष्णेतून कराड, सांगली करत येतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत आणि नरसोबावाडीला कृष्णेत येतं. काळम्मावाडी धरणाचं पाणी तर थेट आमच्या दूधगंगेतच. आमची दूधगंगा पुढं कृष्णेलाच मिळते. आता कृष्णाच तुडुंब असली की दूधगंगेला पुढं सरायला जागा राहत नाही, मग ती मागं फुगते. लोंढा असा येतच नाही. पायरीवर खडूची रेघ मारायची, तासाभरानं जाऊन बघायचं, रेघ बुडालेली असते.

आणि पाणी समोरून येत नाही, हे पुण्यात बसून कळायचं नाही. नदी गावाच्या पुढं, ओढा गावाच्या मागं. फुगलेली नदी आधी ओढ्यात उलटी शिरते आणि माळाकडे जाणारा रस्ता बुडवते. घरं कोरडी, चुली पेटलेल्या, पोरं दारात खेळताहेत, आणि बाहेर पडायची वाट मात्र गेलेली. टीव्हीवर दाखवतात ते नदीचं पात्र. आमचा धोका ओढ्यात असतो.

दर पावसाळ्यात कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी हे बंधारे पाण्याखाली जातात. ती बातमी ऐकून कुणी घर सोडत नाही, आणि सोडायचं कारणही नाही. तेवढं पाणी आमच्या सवयीचं आहे. घात केला तो याच सवयीनं.

मामंजींनी २००५ च्या पुरानंतर सोप्याच्या खांबावर तांबड्या रंगानं पट्टा ओढला होता. पाणी कुठवर आलं त्याची खूण. चौदा वर्षं आम्ही तो पट्टा बघत होतो. २०१९ ला शेजारची दोन घरं आधीच निघाली, तेव्हा मामंजी म्हणाले, "पट्ट्याच्या वर कधी चढलं नाही, चढायचं नाही." त्यांच्यावर राग नाही माझा, मलाही ते पटलं होतं. पण सांगलीत आयर्विन पुलापाशी २००५ ला पाणी ५४ फुटांच्या आसपास थांबलं होतं, २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं. आमचा पट्टा बुडाला तेव्हा रात्र होती.

पट्ट्यापेक्षाही आम्हाला अडवलं जनावरांनी. नणंदेच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे. चार म्हशी आणि पंधरा दिवसांचं रेडकू. माणूस बोटीत बसतो, म्हैस बसत नाही. जुन्या पुरात गुळाच्या काहिलीत बसवून माणसं काढल्याचं मामंजी सांगायचे, पण जनावरं तेव्हाही पोहतच गेली. घराचा हप्ता, पोरांची फी, आत्याबाईंचं औषध सगळं दुधावर. म्हशी दावणीलाच ठेवून पिशवी घेऊन कसं निघायचं? त्या रात्री आम्ही दावी कापली. म्हशी निघाल्या, त्यांच्या आधारानं माझे मालकही निघाले. रेडकू ओढ्याच्या वळणावर हातातून सुटलं. त्याची आई आठवडाभर त्या दिशेला तोंड करून हंबरत होती.

सरकारी शाळेत काळजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवाऱ्याची छावणी, उघडलं होतं. पूर्वी त्याला गंजी केंद्र म्हणायचे, गंजी म्हणजे पेज. काळजी हा शब्द कन्नडमध्येही आहे आणि आपल्याकडेही, ऐकून बरं वाटलं. पण सगळे शब्द असे जुळत नाहीत. गाडीवरच्या भोंग्यातून कन्नडमध्ये "प्रवाह" येणार म्हणून सांगत होते. कन्नडमध्ये प्रवाह म्हणजे महापूर. आत्याबाईंच्या कानाला प्रवाह म्हणजे नदीचं वाहणं, आणि नदी तर वाहतेच! आता आमच्या गल्लीतली कॉलेजातली मुलगी भोंग्यामागोमाग दारोदार जाऊन तेच मराठीत सांगते. तिचं हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

तेव्हापासून आम्ही पाणी दाराशी मोजत नाही, वरच्या अंगाला मोजतो. आयर्विनची इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची ३९ आणि ४३. शिवाय कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सुटतंय ते. आयर्विनला ४० झाले आणि वर पाऊस थांबलेला नसला की आमची जनावरं निघतात, दिवसाउजेडी, रस्त्यावरून, स्वतःच्या पायांनी. माळावर चुलत दिरांचं शेड आहे. तिथं कडबा आणि पेंड जुलै लागायच्या आधीच नेऊन टाकतो. त्याच खेपेला ट्रॉलीत आत्याबाई आणि त्यांचं इन्सुलिन. एक माणूस जनावरांपाशी मुक्कामाला, म्हणजे धारही चुकत नाही. आधार, रेशन कार्ड, उतारा, पासबुक एका प्लॅस्टिकच्या पिशवीत दाराच्या खिळ्याला असतात. १०७७ हा जिल्ह्याचा आपत्तीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत आहे. एकदा जनावरं गेली की उरलेल्यांना निघायला अर्धा तास पुरतो. २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी येऊन हायवे बंद झाला, तेव्हा आमचा गोठा रिकामा होता. मामंजी शेडमध्ये म्हशींपाशी झोपले होते.

दोन खेपा वाया गेल्या हेही सांगते. पाणी ओढ्यातच थांबलं, आम्ही उगाच हललो. लोक बोलले. बोलू देत.

परत यायची घाई मात्र करायची नाही. मातीची भिंत पाण्यात उभी राहते आणि पाणी ओसरून ऊन लागलं की बसते. आमच्या गल्लीत तीन घरं अशी पडली, पूर गेल्यानंतर. म्हणून भिंती बघून, मेन स्विच बंद आहे ना ते बघून, काठीनं कोपरे ठोकून मगच आत. अडगळीत साप येऊन बसलेले असतात.

आणि पुढच्या वेळी कुणी गाडी पाठवणार असेल तर कपडे नकोत. मागच्या वेळी कपड्यांचे ढीग शाळेच्या व्हरांड्यात भिजून कुजले. वाळली वैरण पाठवा, पेंड पाठवा, नवी दावी पाठवा. चुना आणि फिनेल पाठवा. आणि शक्य असेल तर जनावरांचा एखादा डॉक्टर बरोबर आणा.