पाऊस आलाच समज

फेब्रुवारीतली गोष्ट. कॉलेज रोडवर संध्याकाळी माझा इंग्रजी संभाषणाचा वर्ग असतो. त्यात निफाड तालुक्यातले एक बागायतदार काका येतात. द्राक्षं युरोपात जातात, म्हणून पन्नाशीत वही घेऊन बसले. त्या दिवशी आले ते तणतणतच.

"मॅडम, त्या रॉटरडॅमवाल्याला तुमचं इंग्रजी कळेना. गुरुवारी कंटेनर पाठवतो म्हणून कळवलं, तरी तिसऱ्यांदा विचारतोय, बुकिंग झालंय का?"

मोबाइल बघितला. ‘वुई विल सेंड द कंटेनर ऑन थर्सडे.’ व्याकरणात काही चूक सापडेना. बुकिंग झालं होतं, गाडी ठरली होती, पॅकहाऊसमध्ये पेट्या तयार होत्या. पण समोरच्याला ऐकू येत होतं ते ‘पाठवू की गुरुवारी’. आणि हा ‘विल’ काकांच्या हाती दिला कोणी? मीच. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं होतं : भविष्यकाळ म्हणजे विल.

फळा पुसला. "काका, मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी काकूंना काय सांगता? ‘उद्या मुंबईला जाईन’?"

"छे! ‘उद्या मुंबईला चाललोय.’ तिकीट काढलेलं असतं ना."

तिकीट काढलेलं! एवढी नेमकी व्याख्या मला पंधरा वर्षांत सुचली नव्हती. सगळं ठरलंय, तर ‘वुई आर सेंडिंग’. नुसता बेत पक्का आहे, पाठवणार आहे, तर ‘गोइंग टु’. ‘थांबा, ती पेटी मी उचलतो’ असं उभ्या उभ्या ठरलं, किंवा शब्द द्यायचा असला, की ‘विल’. आणि न्हावा शेवाहून जहाज शनिवारी सुटतं, पंचवटी एक्सप्रेस सुटते तसं, वेळापत्रकाने. तिथे साधा वर्तमानकाळ, ‘द शिप सेल्स’.

मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "मग ‘आलोच’चं काय, मॅडम?" सगळे हसले. घरातून पाय न काढता भूतकाळ वापरणारे आपणच. तिथे इंग्रज ‘आय ॲम कमिंग’वर भागवतो.

काकांनी मेसेज सुधारून पाठवला. तेवढ्यात खिडकीबाहेर वीज चमकली.

"मॅडम, इट विल रेन?"

"ढग समोर दिसतायत ना? मग ‘इट इज गोइंग टु रेन’."

बोलून गेले आणि त्यांचा चेहरा बघितला. निम्मा माल अजून वेलीवर होता. या दिवसांत पाऊस लागला की मणी तडकतात. वाक्य लिहून घ्यायला ते थांबले नाहीत. जिन्यातूनच मुलाला फोन लावला होता : "अरे, प्लॅस्टिक ओढायला घ्या, पाऊस आलाच समज!"