खुरप्याने घडवलेलं तण

नैसर्गिक निवड एका रकान्यात, कृत्रिम निवड दुसऱ्या रकान्यात, असा तक्ता आखून उत्क्रांती शिकवायला मला आवडत नाही. एकीकडे जिराफ, दुसरीकडे दुभती गाय. मुलं तो तक्ता पाठ करतात आणि धडा संपतो. म्हणून मी सुरुवात करते ती भातखाचरातल्या एका तणापासून.

हे तण बरटीच्या कुळातलं. मोकळ्या जागी वाढणारे त्याचे भाईबंद जमिनीलगत फुटवे पसरतात, बुडाशी तांबूस दिसतात. खाचरातला प्रकार मात्र भातासारखाच ताठ उभा आणि बुडापर्यंत हिरवागार. खुरपणीला बसलेल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या जे रोप वेगळं दिसलं ते उपटून टाकलं. जे भातात मिसळून गेलं ते वाचलं, त्याचं बी पडलं, पुढच्या हंगामात तेच उगवलं. शेतकऱ्याला हे तण कधीच नको होतं, तरी त्याचं आजचं रूप शेतकऱ्याच्याच हातून घडलं. सांगा, आता याला कुठल्या रकान्यात बसवायचं?

भाताचं रोप आणि हे तण, दोन्ही मी वर्गात मुलांच्या हातात देते. पान खोडाला जिथे बिलगतं तो सांधा उलगडून पाहायला सांगते. भाताच्या रोपाला तिथे पातळसा पांढरट पापुद्रा असतो, त्याला जिव्हिका म्हणतात. तणाला तिथे काहीच नसतं. खुरपताना इतक्या बारकाईने कोण बघणार? माणसाची नजर जिथवर पोचली तिथवरच नक्कल उतरली आणि त्यापलीकडे तण होतं तसंच राहिलं. निवड म्हणजे काय हे मला इतकं स्पष्ट दाखवणारी दुसरी खूण माहीत नाही. मुलं तो सांधा पुन्हा पुन्हा पाहतात तेव्हा मला फार बरं वाटतं.

निवड अशी नकळतही होते, हे डार्विनला ठाऊक होतं. १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाची सुरुवात त्याने रानातल्या प्राण्यांपासून केली नाही, पाळीव प्राण्यांपासून आणि पिकांपासून केली. कबुतरांवर त्यात पानंच्या पानं आहेत. ठरवून केलेल्या निवडीच्या जोडीला त्याने अजाणता होणारी निवडही मांडली: चांगली जनावरं राखायची, वाईट खायची, एवढंच करणाऱ्यांच्या हातूनही जात बदलत जाते.

अशा निवडीतून कधी पीकसुद्धा जन्माला येतं. राय हे धान्य मुळात गव्हातलं तण होतं, असं रशियन शास्त्रज्ञ वाविलोव्ह यांनी मांडलं. कापणीत आणि बियाण्यात गव्हाबरोबर येता येता त्याचा दाणा मोठा झाला, दाणे गळून पडेनासे झाले. थंडीत, हलक्या जमिनीत गहू हरला तिथे राय तगली आणि लोक तीच पेरू लागले.

मोझांबिकच्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानातली गोष्ट मात्र सांगताना जड जाते. १९७७ ते १९९२ च्या यादवीत हस्तिदंतासाठी आणि मांसासाठी तिथले ९० टक्क्यांहून अधिक हत्ती मारले गेले. जन्मतः सुळे नसलेल्या माद्या जास्त वाचल्या. पूर्वी त्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्के होतं, युद्धानंतर ते वाढून सुमारे ५० टक्क्यांवर पोचलं. सुळे न येण्यामागचा जनुकीय बदल नर गर्भाला बहुधा जगू देत नाही, म्हणून बिनसुळ्यांचे नर तिथे दिसत नाहीत. बंदूक रोखणाऱ्याने यातलं काहीही ठरवलं नव्हतं.

खाचरात आता पुष्कळ ठिकाणी खुरप्याऐवजी फवारणी असते. तणनाशकाला डोळे नाहीत. ताठ उभं राहून, हिरवं दिसून तिथे काही साधत नाही. प्रोपॅनिल नावाचं एक तणनाशक भाताला मारत नाही, कारण भाताच्या पानातलं एक विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करतं. वर्षानुवर्षे त्याच औषधाची फवारणी झालेल्या शेतांत या कुळातली अशी तणं सापडली जी प्रोपॅनिलला दाद देत नव्हती. ती तपासली तेव्हा त्यांच्या पानांतही तशाच विकराचं काम वाढलेलं निघालं.