सहस्रचंद्रदर्शन आणि दोन आकडी साल

पुण्यातील एका सहकारी बँकेच्या नोंदींवर आमची छोटी टीम काम करते. ज्येष्ठ नागरिकांना मुदत ठेवीवर अर्धा टक्का जादा व्याज देण्यासाठी दर महिन्याला एक यादी काढावी लागते, आणि २०२२ च्या मार्चमध्ये ती नेहमीच्या मानाने फारच आखूड निघाली. गळालेल्या नावांपैकी एका आजींची नोंद उघडली, तेव्हा त्यांची जन्मतारीख १२ जानेवारी २०५८ दिसली. म्हणजे आजींचा जन्म व्हायला अजून ३५ वर्षे बाकी होती.

त्याच आठवड्यात आम्ही अपाचे स्पार्क या मोठ्या प्रमाणातील माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या २.४ आवृत्तीवरून ३ च्या मालिकेवर आलो होतो. जून २०२० मध्ये आलेल्या ३.० पासून स्पार्कने तारखा वाचण्याचे जावा या प्रोग्रामिंग भाषेतील जुने साधन, म्हणजे सिंपल डेट फॉरमॅट, बाजूला ठेवले आणि जावा ८ मधील नव्या वेळ-तारीख लायब्ररीवर आधारलेला पार्सर, म्हणजे मजकुरातून तारीख ओळखणारा भाग, घेतला. नवा पार्सर शिस्तीचा आहे. तारखेचा साचा सांगताना दिवसासाठी दोन 'डी' आणि महिन्यासाठी दोन 'एम' लिहिले, तर त्याला दोन्हीकडे दोन-दोन आकडे लागतात, आणि शाखेतील कारकुनाने घाईत टंकलेले '१/४/२०१९' तो स्वीकारत नाही. जुना पार्सर ते मुकाट वाचत असे. पहिल्याच रात्री आमचे काम येथेच थांबले आणि आवृत्ती बदलल्यामुळे उत्तर वेगळे येऊ शकते, असा स्पष्ट इशारा पडद्यावर आला. एकच 'डी' आणि एकच 'एम' लिहिल्यावर एक आकडी आणि दोन आकडी असे दोन्ही प्रकार वाचले जाऊ लागले, काम सुरळीत पार पडले आणि आम्ही निर्धास्त झालो.

आमची चूक या निर्धास्तपणात होती. कोणता पार्सर वापरायचा हे ठरवणाऱ्या टाइम पार्सर पॉलिसी या सेटिंगचे मूळ मूल्य स्पार्क ३ च्या मालिकेत 'एक्सेप्शन' असते, आणि नव्या पार्सरला जी तारीख वाचता येत नाही परंतु जुन्याला आली असती, तेवढ्यापुरतेच ते काम थांबवते. दोघांनाही तारीख वाचता आली आणि अर्थ मात्र निरनिराळे लागले, तर कोणीही हटकत नाही. काही शाखांच्या जुन्या फायलींत साल दोन आकडी असते. आजींच्या नोंदीत '१२/०१/५८' होते. नवा पार्सर दोन आकडी साल नेहमी २००० ते २०९९ याच शतकात बसवतो, त्यामुळे ५८ चे २०५८ झाले.

ऑफिसातील एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी "सरळ लेगसी लाव आणि मोकळा हो" असा सल्ला दिला. 'लेगसी' हे मूल्य जुन्या पार्सरकडे परत नेते. मी ते लावून पाहिले आणि आजी १९५८ मध्ये परत आल्या. तरीही त्या शाखांच्या यादीत ऐंशीच्या पुढचे कोणीच दिसेना, आणि ही गोष्ट मला खटकली.

जुन्या साधनाचा नियम असा आहे की, ज्या क्षणी प्रोग्राम चालतो त्या क्षणाच्या ८० वर्षे मागे आणि २० वर्षे पुढे एवढ्या शंभर वर्षांच्या खिडकीत दोन आकडी साल बसवायचे. ही खिडकी रोज एका दिवसाने पुढे सरकते. ऑगस्ट ३८ मध्ये जन्मलेल्या आजोबांची तीच फाईल २०१५ मध्ये वाचली तर १९३८ मिळते आणि २०२० मध्ये वाचली तर २०३८. घरी सहस्रचंद्रदर्शनाची तयारी चालू व्हावी आणि आमच्या नोंदीत आजोबा भविष्यात जन्माला यावेत, असा हा प्रकार होता, आणि तो अपग्रेडच्या कितीतरी आधीपासून बिनबोभाट चालू होता. शाखांना विचारले तेव्हा कळले की, तेथील लोक अशी नावे दर महिन्याला हाताने यादीत घालत होते आणि सिस्टिमला ती सापडत नाहीत हे त्यांनी गृहीतच धरले होते. कोणी तक्रार केली नाही, कारण ठेवीदाराला व्याज बरोबर मिळत होते.

त्यामुळे मी 'लेगसी' काढून 'करेक्टेड', म्हणजे फक्त नवा पार्सर वापरणारे मूल्य, लावले. नवा पार्सर दोन आकडी सालाचा चुकीचा अर्थ लावतो हे खरे, पण तो आज आणि दहा वर्षांनी एकच अर्थ लावतो, आणि ठरलेली चूक दुरुस्त करता येते. जन्मतारीख आजच्या पुढची निघाली तर तिच्यातून १२०० महिने वजा करायचे, एवढी एकच ओळ त्यासाठी पुरली.

इतर बदल किरकोळ होते. आठवड्यांवरून मोजल्या जाणाऱ्या वर्षाचे मोठ्या लिपीतील 'वाय' हे अक्षर एका अहवालात चुकून पडले होते, ते नव्या आवृत्तीने नाकारले. बरेच झाले, कारण डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांना ते पुढच्या वर्षात ढकलत असे. कॅलेंडरचा बदल मात्र मजेशीर आहे. स्पार्क २.४ मध्ये १५ ऑक्टोबर १५८२ पूर्वीच्या तारखा ज्युलियन पद्धतीने मोजल्या जात, तर ३.० मध्ये ग्रेगोरियन गणित मागेही तसेच लांबवले आहे. इतक्या जुन्या तारखांशी बँकेचा काय संबंध, असे वाटेल, पण अजून बंद न झालेल्या खात्यांच्या 'बंद केल्याची तारीख' या रकान्यात कोणीतरी ०००१ सालची १ जानेवारी भरून ठेवली होती. पार्केट या साठवणुकीच्या स्वरूपातील जुन्या फायली रूपांतर न करता वाचल्या, तर तिची ०००० सालची ३० डिसेंबर होते आणि ही सगळी उघडी खाती बंद दिसू लागतात. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही इंग्रजांच्या तेव्हाच्या ज्युलियन गणनेतील आहे, आजच्या गणनेने तो दिवस १६ जूनला येतो. ती मात्र स्पार्कच्या दोन्ही आवृत्त्यांत ग्रेगोरियनच धरली जाते.

१२०० महिन्यांच्या नियमातून एक प्रश्न सुटलेला नाही. '२१' म्हणजे २०२१ मध्ये जन्मलेले बाळ की १९२१ मधील पणजोबा, हे कोणताही पार्सर सांगू शकत नाही. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन मुलाच्या, खात्यावर पालकाचे नाव असते. ते जेथे नाही, अशा नोंदींची यादी शाखांकडे पाठवली आहे आणि केवायसीच्या कागदावरून चार आकडी साल भरून मागितले आहे.