इकडे तेच येतात

दादाचं एक वाक्य सकाळपासून डोक्यात घोळतंय. "तपकिरी डोक्याचा कुरवच लिही, इकडे तेच येतात." वैनगंगेच्या पाण्यावर दिसलेल्या एका कुरवाचा, म्हणजे सीगलचा, फोटो त्याला पाठवला, वहीत जात कोणती लिहू म्हणून, आणि चुलीवरच्या चहाला उकळी फुटायच्या आत उत्तर आलं. एवढ्या वेळात तो फोटो मोठा करूनही पाहता येत नाही.

आईला वाटतंय मी भांडण शोधतेय. भांडण नाहीच. पण कोणीतरी नीट पाहावं, एवढंच हवं होतं. त्याने पक्षी पाहिला नाही, गाव पाहिलं. वैनगंगेचं पाणी म्हणजे हे, आमच्याकडे येणार ते हे, झालं. आमच्याबद्दल लोकांना आधीच सगळं माहीत असतं. पुनर्वसनाच्या वेळीही... ते जाऊ दे, आज ते नको.

गोंधळ होतो तो दोन जातींत, तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव. हिवाळ्यात दोन्ही कुरव डोक्यावरचा गडद रंग टाकतात. उरतो डोळ्यामागे एक काळसर ठिपका, तो दोघांनाही. पूर्ण वाढलेला पक्षी असता तर बसल्या जागी निकाल लागला असता. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट, जवळपास पांढरा. पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात ठसठशीत पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद, आणि पंख उघडला की बाहेरच्या भागाची पुढची कड लांबच लांब पांढरी. काळं असतं ते फक्त टोकांना, मागच्या बाजूने.

पण हा पक्षी गेल्या उन्हाळ्यात जन्मलेला. शेपटीच्या शेवटी काळी पट्टी, पंखांवर तपकिरी डाग, चोचही अजून नीट लाल झालेली नाही. या वयात तपकिरी डोक्याच्या कुरवाचाही डोळा गडद असतो आणि पांढरे ठिपके यायचेच असतात. म्हणजे फोटोत डोळा काळा दिसतो यावरून काहीच ठरत नाही. तपकिरी डोक्याचा अंगाने थोडा थोराड, चोच जरा जाड, पण शेजारी दुसरा कुरव असेल तर ते कळणार. माझ्या फोटोत शेजारी चक्रवाक आहेत, त्यांच्यापुढे कोणताही कुरव लहानच दिसतो.

हे सगळं मी दादाला लिहिलं होतं. फोटोखालीच. त्याने वाचलं नाही याचं जास्त लागलं की पाहिलं नाही याचं, ते मलाही सांगता येत नाही.

बरं, त्याचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नाही. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी घरटी करतात आणि थंडीत खाली उतरून समुद्रकिनाऱ्यांसोबत आतल्या मोठ्या नद्या, धरणंही धरतात. तेव्हा आमच्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यावर तोच असण्याची शक्यता जास्त, हे मीही मानते. पण शक्यता जास्त म्हणून नोंद करायची तर पाण्यावर जायचंच कशाला? प्रत्येकाने "इकडे तेच येतात" म्हणून तेच लिहिलं तर दुसरा कधी आलाच तरी वहीत पहिलाच होऊन बसेल. मग पुढचा माणूस ती वही पाहून म्हणेल, बघा, इकडे तेच येतात.

दुपारी लाखोळीच्या शेताच्या धुऱ्यावर बसून रडूही आलं थोडं. इतक्या क्षुल्लक गोष्टीने का, हे आईने विचारलं नाही. बरं झालं.

मग ढिवर मामांकडे गेले. पहाटे जाळं काढताना त्यांच्यासमोरून तो उडाला होता. मी विचारलं, पंख कसे होते? म्हणाले, "खालून कारे दिसत होते, बाई." माझी धडधड वाढली, आणि लगेच उतरली. खालून काळपट दोघांचेही दिसतात, कमीजास्त. मामा गप्प बसले, विचार केला, मग म्हणाले, "वरून नाही पायलं. पायलं नाही त सांगू कसा?"

हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं! ज्याने तो पक्षी डोंग्यातून पाहिला, तो माणूस नाव ठरवायला तयार नाही. मग मी कशाला घाई करू, आणि दादाच्या घाईवर तरी किती जळू? त्याच्याकडे मुंबईत शिवडीला दोन्ही जाती थव्याने येतात, तिथे एक कुरव इकडचा तिकडे झाला तरी चालत असेल. मला मात्र थंडीत एखादाच दिसतो, तोही नशीब असलं तर.

वहीत लिहिलं: कुरव, पहिल्या हिवाळ्यातला, जात नक्की नाही. दादालाही तेच कळवलंय, रागाचा शब्द न घालता. तो "ठीक" म्हणाला. त्याच्याशी बोलायचं अजून बरंच काही आहे, पण ते फोनवर जमत नाही.

मामांना सांगून ठेवलंय की आता उडाला तर खालून पाहू नका, पंखाची पुढची कड वरून पाहा, पांढरी आहे का. ते म्हणाले, "तुमीच चला ना डोंग्यात, पहाटे. पर सेटर घालून या, पान्यावर लय थंडी रायते."