या खेपेला ठाण्याला उतरले

कोल्हापूरहून मुंबईला जाणारी रात्रीची गाडी पहाटे ठाण्याला थांबते, तेव्हा डब्यातले निम्मे प्रवासी बाकाखाली चपला शोधत असतात आणि उरलेले, दादरला उतरायचे असल्यामुळे, आणखी अर्धा तास डोळे मिटून घेतात. गेली कित्येक वर्षे मी त्या दुसऱ्या गटात मोडत होते. शाळेपासूनची माझी मैत्रीण लग्न होऊन १७ वर्षांपूर्वी ठाण्याच्या नौपाड्यात आली. दर वेळी मी ‘पुढच्या खेपेला नक्की येते’ असे सांगायचे आणि दर वेळी ठाणे स्टेशन पांघरुणाच्या फटीतून पाहून पुढे जायचे. खरे तर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर कापून जेथे येऊन थांबली, ते हेच गाव. साहिब, सिंध आणि सुलतान अशी ३ इंजिने जोडून, १४ डब्यांत ४०० च्या आसपास माणसे बसवून, एवढा थाट करून लोक ठाण्याला आले होते. मला मात्र फुकटच्या थांब्यावर उतरणे जमले नव्हते.

गेल्या फेब्रुवारीत एका शनिवारी पहाटे अखेर उतरले. फलाटावरून फोन केला, तर पलीकडून आवाज आला, “थांब तिथंच, आलो, आलो!” कोल्हापूरच्या मुली ‘आले, गेले’ म्हणत नाहीत, ‘आलो, गेलो’ म्हणतात, आणि बाहेरगावी गेल्यावर ही खोड सर्वांत आधी सोडावी लागते. मैत्रिणीने ती सोडल्याचे मला फोनवरच्या बोलण्यातून कधीच कळून चुकले होते. त्यामुळे त्या पहाटे तिच्या तोंडून ‘आलो’ ऐकून प्रवासाचा निम्मा शीण तेथेच उतरला.

न्याहारीचा बेत तिने आधीच ठरवून ठेवला होता. तहसीलदार कचेरीला जुनी माणसे अजून मामलेदार कचेरीच म्हणतात आणि तिच्या शेजारी मिळते म्हणून ती मामलेदार मिसळ. कोल्हापूरच्या माणसाला दुसऱ्या गावी मिसळ खायला नेणे हे धाडसाचे काम असते, कारण आम्ही खाण्याआधीच निकाल देऊन मोकळे झालेलो असतो. “तिखट की मिडियम?” असे विचारल्यावर मैत्रिणीने माझ्या हातावर हात ठेवला आणि ती म्हणाली, “मिडियम सांग. इथलं तिखट म्हणजे खरंच तिखट असतं.” मी कोल्हापूरची असल्याची आठवण तिला करून दिली आणि तिखट मागवली.

तिसऱ्या घासाला कान गरम झाले. सहाव्या घासाला समोरच्या भिंतीवरची पाटी धूसर दिसू लागली. आमच्याकडच्या कटाला रंग भरपूर असतो, वर लालभडक तवंग असतो, पण चटणीतला कांदा, लसूण आणि खोबरे तिखटाची धार बोथट करतात. कोल्हापुरी रस्सा दिसतो तेवढा तिखट नसतो, हे गुपित आम्ही सहसा बाहेर सांगत नाही. येथला रस्सा मात्र दिसायला साधा आणि वागायला कडक आहे. त्याचे तिखट जिभेवर न थांबता थेट घशाशी जाऊन बसते. शेवटी मुकाट्याने ताक मागवले. मैत्रीण काहीही बोलली नाही, फक्त तिने तिच्या बशीतला एक पाव माझ्याकडे सरकवला. आमच्याकडे मिसळीबरोबर पावाचे स्लाइस देतात आणि कोरड्या स्लाइसमध्ये रस्सा अधिक चांगला मुरतो, या माझ्या मताला मी अजूनही चिकटून आहे. पण चवीच्या बाबतीत मामलेदारला नावे ठेवण्याची माझी तयारी नाही.

तेथून चालतच मासुंदा तलावाकडे गेलो. ठाणेकर त्याला तलावपाळी म्हणतात. रंकाळ्याच्या काठी वाढलेल्या माणसाला हा तलाव पहिल्या दृष्टीला लहानच वाटतो, आणि मी तसे बोलूनही दाखवले. काठाच्या कठड्याला टेकून सकाळचे फिरायला आलेले आजोबा-आजी, पाण्यात बांधून ठेवलेल्या होड्या, रस्त्यापलीकडे पोर्तुगीज काळापासूनचे चर्च आणि जरा पुढे कौपिनेश्वराचे देऊळ, असे सगळे हाकेच्या अंतरात आहे. मैत्रीण म्हणाली की शहरात असे ३५ च्या आसपास तलाव अजून शिल्लक आहेत, आणि पूर्वी याहून कितीतरी अधिक होते. तेव्हा मला आमचे कोल्हापूर आठवले. वरुणतीर्थ बुजवून आम्ही गांधी मैदान केले आणि कपिलतीर्थावर भाजी मंडई बसवली. लहानपणी त्या मंडईत आईबरोबर पिशवी धरून फिरताना पायाखाली एके काळी तलाव होता हे मला कोणी सांगितलेही नव्हते. एक रंकाळा मोठा राहिला म्हणून आम्ही मिरवतो. त्यानंतर तलावपाळीच्या आकाराबद्दल मी काही बोलले नाही.

कौपिनेश्वराचे मूळ देऊळ शिलाहारांच्या काळातले मानले जाते आणि आजचे मंदिर मराठ्यांच्या अमलात, १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी उभारले. गाभाऱ्यातली शिवपिंडी एवढी भव्य आहे की बिल्वपत्र वाहताना हात उंच करावा लागतो. बाहेर पडलो की लगेच जांभळी नाक्याचा बाजार सुरू होतो. फुलांचे ढीग, पालेभाज्यांच्या जुड्या आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या दुचाकी यांतून मैत्रीण ज्या सराईतपणे चालत होती, ते पाहून ही आता पुरती ठाणेकर झाली आहे याची खात्री पटली.

ठाण्याचा किल्ला पाहायची माझी फार इच्छा होती, पण तो बाहेरूनच पाहावा लागतो, कारण आज तेथे मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला पुरता उभा राहण्याआधीच, १७३७ साली चिमाजी अप्पांच्या स्वारीत मराठ्यांनी जिंकला. पुढे तो इंग्रजांकडे गेला आणि त्याचा तुरुंग झाला. १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे येथूनच निसटले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना येथे फाशी देण्यात आले. भिंतीपलीकडून एका माणसाची हाक तेवढी ऐकू आली. रिक्षावाला म्हणाला, “बाई, इथं जास्त वेळ थांबता येत नाही.” आम्ही निघालो.

दुपार घरी गेली, आणि खरे सांगायचे तर या दोन दिवसांतला सर्वांत चांगला वेळ तोच होता. मैत्रिणीचे सासर कायस्थ प्रभूंचे. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे काकूंनी, मी येणार म्हणून गुरुवारी रात्रीच वाल भिजत घातले होते. शुक्रवारी ते फडक्यात बांधून ठेवले आणि शनिवारी दुपारी मोड आलेले वाल कोमट पाण्याच्या पातेल्यात घालून ते पातेले माझ्यासमोर आणून ठेवले. वाल सोलणे हे काम दिसते तितके सोपे नाही. दाण्याचा मागचा भाग चिमटीत धरून हलकेच दाबावा लागतो, म्हणजे मोडासकट डाळिंबी सालातून सुळकन बाहेर येते. जोर अधिक झाला की तिचे दोन तुकडे होतात आणि कमी पडला की साल नखात अडकून राहते. मी पहिल्या मूठभर वालांतले निम्मे तोडले. काकूंनी ते तुकडे निराळ्या वाटीत ठेवले आणि म्हणाल्या, “असू दे गं, हे आमटीत जातील. बिरड्याला मात्र अख्खीच लागते.” त्यांचे हात बोलता बोलता चालत होते आणि पाण्यात साली तरंगत होत्या. तासाभराने माझी वाटी अर्धी आणि त्यांचे पातेले पूर्ण भरले.

संध्याकाळी गडकरी रंगायतनला नाटक होते. १९७८ पासून चालत आलेले, राम गणेश गडकऱ्यांचे नाव लावलेले हे नाट्यगृह तलावपाळीलाच लागून आहे, त्यामुळे मध्यंतरात बटाटेवडा हातात घेऊन बाहेर आले की पाण्यावरचे दिवे दिसतात. नाटक मला बेताचेच वाटले. पहिला अंक उगाच लांबवलेला होता. परंतु प्रेक्षागृहात अंधार होऊन तिसरी घंटा झाली, तेव्हा माझ्या मनात भलतेच काही आले. ऑगस्ट २०२४ मध्ये आमचे केशवराव भोसले नाट्यगृह एका रात्रीत जळाले. शाहू महाराजांनी उभारलेले, शंभरी ओलांडलेले ते नाट्यगृह संगीतसूर्य केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री पेटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली माणसे नुसती बघत उभी होती. त्या नाट्यगृहात मैत्रिणीने आणि मी शाळेच्या स्नेहसंमेलनात नाच केला होता. अंधारात तिने माझ्याकडे पाहिले, तेव्हा तिलाही तेच आठवत होते असे मला वाटले, पण आम्ही त्याविषयी नंतरही बोललो नाही.

परतताना तिने मराठी ग्रंथसंग्रहालयाचा विषय काढला आणि ते १८९३ पासूनचे असल्याचे अभिमानाने सांगितले. आमचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे आहे, हे मी ताबडतोब सांगून टाकले. मिसळीत हरल्यावर एवढे तरी हवेच होते.

रविवारी सकाळी अग्निपंख, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला गेलो. ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल धरली की दिघा गावानंतर लगेच ऐरोली येते, आणि तेथून रिक्षाने सागरी व किनारी जैवविविधता केंद्र गाठता येते. होडी सुटण्याची वेळ रोज बदलते, कारण ती भरती-ओहोटीवर ठरते: पाणी फार उतरले तर होडी गाळात रुतते आणि फार चढले तर पक्ष्यांना चरायला चिखल उरत नाही. म्हणून जागा आधी राखून ठेवावी आणि घड्याळापेक्षा समुद्राचे ऐकावे. दोन्ही बाजूंना तिवरांची दाट हिरवी भिंत आणि मधून खाडीचे मातकट पाणी. दूर धुरकट हवेत उंच इमारतींच्या रांगा उभ्या. अशा ठिकाणी काही सुंदर असेल असे प्रथम वाटतच नाही.

मग होडीवाल्याने इंजिन बंद केले. समोर चिखलाच्या पट्ट्यावर जी गुलाबी रेघ दिसत होती, ती हलू लागली. हजारो पक्षी मान खाली घालून, चोच चिखलपाण्यात उलटी धरून, डावीउजवीकडे फिरवत एकाच दिशेने सरकत होते. त्यांचा बदकांसारखा पण खालच्या पट्टीतला कलकलाट अखंड चालू होता. त्यांतले बहुतेक लहान रोहित होते, ज्यांचे मुख्य खाद्य म्हणजे पाण्यातले निळे-हिरवे शेवाळ, आणि त्यातल्याच रंगद्रव्यामुळे त्यांना हा गुलाबी रंग चढतो. मधून मधून राखाडी रंगाची पिल्ले होती, ज्यांनी अजून पुरेसे शेवाळ खाल्ले नव्हते. शहरांचे सांडपाणी खाडीत येते, त्याने शेवाळ माजते आणि त्या शेवाळावर हे पक्षी जगतात, असे अभ्यासक सांगतात. हे ऐकून आनंद मानावा की लाज वाटावी हे मला ठरवता आले नाही. २०१५ मध्ये खाडीचा हा भाग अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. एकाएकी कशाने तरी दचकून थव्याचा एक भाग उडाला, आणि पंख उघडताच आतला लाल आणि काळा रंग दिसला. ‘अग्निपंख’ हे नाव ज्याने ठेवले त्याने हेच पाहिले असणार. फोटो काढायचे मी विसरले, असे म्हणणे खोटे ठरेल. मी ४० फोटो काढले आणि सगळ्यांत पक्ष्यांच्या जागी गुलाबी ठिपके आले आहेत.

घरी परतलो तेव्हा काकूंचे बिरडे तयार होते. नारळाच्या दुधातल्या अख्ख्या डाळिंब्या, आमसुलाचा हलका आंबटपणा आणि वालाचा तो मूळचा किंचित कडवटपणा. पहिल्या घासाला मला आमचा पांढरा रस्सा आठवला, कारण नारळाचे दूध दोन्हीकडे तेच काम करते. त्याच्या जोडीला सोड्याची खिचडी होती. खिचडी म्हणतात, पण त्यात डाळ नसते. सोलून वाळवलेल्या कोलंबीचे, म्हणजे सोड्यांचे, तुकडे भाताबरोबर शिजतात आणि त्यांचा वास पहिल्यांदा नाकाला जरा आडवा येतो. दुसऱ्या वाढीला तो आवडू लागतो. तिसरी वाढ मी मागून घेतली. काकूंना तेवढेच हवे होते; त्यांनी लगेच पाव किलो सोडे दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळले, त्या पिशव्या स्टीलच्या डब्यात घातल्या आणि डबा माझ्या पिशवीत सर्वांत खाली ठेवला. “वास यायचा नाही,” असे त्यांनी दोनदा सांगितले.

रात्री स्टेशनवर जाताना वाटेत गजाननचा वडापाव घेतला. त्याबरोबर मिळणारी पिवळी बेसनाची चटणी मैत्रिणीने जास्त मागून घेतली आणि गाडी हलेपर्यंत ती खिडकीशी उभी राहिली. “जातो मी,” म्हणाली, आणि मग स्वतःच हसली.

कर्जत येईपर्यंत डब्यात दिवे मालवले गेले होते. समोरच्या बाकावर दादरला चढलेल्या एक आजी होत्या. त्यांनी दोनदा कूस बदलली, मग उठून बसल्या आणि माझ्या पिशवीकडे पाहत हळूच विचारले, “सोडे आहेत ना गं? कुठून घेतलेस?”

“ठाण्याहून,” मी म्हणाले, आणि पिशवीतून डबा वर काढला.