जुन्या स्टेशन वॅगनला टो-बार: आधी गंज बघा

किनाऱ्यावर वाढलेल्या जुन्या इंडिगो मरीनाला होडीचा ट्रेलर जोडायचा असेल, तर टो-बार (ट्रेलर ओढायला गाडीमागे लावायचा दांडा) आणण्याआधी गाडी रॅम्पवर चढवा. डिकीखालच्या चॅसिसच्या पोकळ भागात खारी हवा पत्रा आतून खाते. हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज येण्याऐवजी बद्द आवाज आला, तर तिथे टो-बार नकोच. पत्रा चांगला असेल तर पोकळीतून जाणाऱ्या प्रत्येक बोल्टला स्पेसर नळी द्या, नाहीतर आवळताना पत्रा दबतो आणि बोल्ट पुन्हा सैल होतो. भोकांच्या कडांना झिंक प्रायमर हवाच.

ट्रेलरच्या दिव्यांची वायर जिथे जोडतात त्या सात पिनी सॉकेटमध्ये १ डावा इंडिकेटर, ४ उजवा, ६ ब्रेक, ५ आणि ७ टेल लॅम्प, ३ अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडायची वायर). ब्रेक दाबल्यावर ट्रेलरचे बाकीचे दिवे मिणमिणले, तर आधी अर्थ तपासा: रंग खरवडून उघड्या पत्र्यावर रिंग टर्मिनल, वरून ग्रीस. ट्रेलरच्या इंडिकेटरच्या २१ वॅटच्या जादा बल्बांनी जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बिघडतो, म्हणून त्या बल्बांना वेगळा करंट देणारा बायपास रिले घाला, त्याला बॅटरीवरून फ्यूजसकट वेगळी वायर. दाबून बसवायच्या जोड-क्लिपा मात्र अजिबात नकोत. आपल्याकडच्या पावसात आतलं तांबं हिरवं पडतं. जोड झाळा आणि गरम केल्यावर आवळणारी गोंदवाली स्लीव्ह चढवा.