वेलीला झोप नाही

पिंपळनेरच्या अलीकडे एसटीतून उतरलो तेव्हा मार्चचं ऊन डोक्यावर आलं होतं. मामेभावाची द्राक्षबाग बघायला म्हणून आलो, तर बागेत हिरवं पान नाही. तारांवर नुसते तपकिरी ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, आणि खाली काड्यांचा खच. मला वाटलं, दादाने बाग मोडायला काढली.

"मोडतोय कशाला? खरड छाटणी चाललीय," दादा म्हणाला. मामी बांधावरून ओरडली, "आधी जेवाले चाल!" कळण्याची भाकरी आणि ठेचा खाताना मग सगळं ऐकलं.

थंड मुलखात द्राक्षाची वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि वसंतात फुटते. आपल्याकडे तेवढी थंडीच नाही. "आठे वेलले झोप नही," दादा म्हणाला. म्हणून वर्षातून दोनदा कात्री लावायची आणि पीक एकदाच घ्यायचं. खरड छाटणीत काडी एका डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटायच्या जागेवर, कापतात. त्यातून नवी काडी वाढवायची, सात पानांवर शेंडा खुडून सबकेन, म्हणजे बाजूची काडी, करायची. पुढच्या हंगामाचा घड याच काडीच्या डोळ्यांत, छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत, गुपचूप तयार होतो. तेव्हा आभाळ भरून राहिलं, डोळ्यांवर ऊन पडलं नाही, की पुढे घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे तारेला वेटोळं घालणारा तणावाच, निघतो. खान्देशातल्या उन्हाळ्याला इतकी वर्षं शिव्या घातल्या. दादाचं निम्मं पीक त्याच उन्हावर ठरतं. अडचण पाण्याची. नेमकी विहीर तळाला जाते तेव्हाच ठिबक लागतं. खाली मूळ डॉगरिज जातीचं आणि वर कलम थॉमसन जातीच्या द्राक्षाचं, ते यासाठीच: खारं पाणी आणि ताण हा खुंट सोसतो.

दुसरी चक्कर ऑगस्टमध्ये मारली. साक्रीच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या ढगात अर्ध्या बुडालेल्या, आणि बागेत गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची दुसरी छाटणी, चाललेली. नाशिककडे ही छाटणी बहुतेक ऑक्टोबरात होते. इथे आणि शेजारच्या बागलाणात आगाप माल काढायचा म्हणून लवकर. छाटणीआधी काड्यांचे नमुने प्रयोगशाळेत देऊन कितव्या डोळ्यात घड आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून आणलं होतं. कात्री त्याच हिशेबाने, घड असलेल्या डोळ्याच्या पुढे चालते.

छाटलेल्या काडीच्या टोकाकडच्या डोळ्यांना मजूर हातमोजे घालून पेस्ट लावत होते. हे हायड्रोजन सायनामाइड, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. मुकादम प्रत्येकाला बजावत होता, "आज संध्याकाळी पिऊ नका." मी हसलो, पण ही ताकीद खरीच आहे. हे रसायन अंगात गेलेलं असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, माणूस आडवा होतो. याच्याच भावंडातलं एक रसायन दारू सोडवायच्या औषधात वापरलं जाई.

आगाप बागेला भाव चांगला, पण फुलोरा पावसात सापडतो. डाऊनी ही बुरशी एका रात्रीत घड खाते. दादा पहाटे पाचला फवारणीचा ट्रॅक्टर काढायचा. त्याच्या खर्चाची वही मी चाळली आणि मुकाट्याने मिटली. पोंगा म्हणजे कोवळा फुटवा, फुलोरा, सेटिंग म्हणजे मणी धरणं, विरळणी, जीए या वाढीच्या संजीवकात घड बुडवणं, प्रत्येक टप्प्याला मजूर हवेत. एका घडातले मणी बोटांनी आणि छोट्या कात्रीने कमी करणाऱ्या बायकांचं काम बघताना माझीच मान दुखायला लागली.

डिसेंबरात तिसऱ्यांदा गेलो. मण्यांत पाणी उतरलेलं, रंग पिवळट, प्लास्टिकच्या आच्छादनाखाली उजेड दुधी. मी वरच्या खांद्याचा एक मणी तोडून तोंडात टाकला. साखर!

दादाने तोच घड उलटा धरला आणि टोकाचा शेवटचा मणी मला दिला. आंबट. घड पिकतो वरून खाली, त्यामुळे खरी परीक्षा शेंड्याची.

व्यापाऱ्याचा माणूस गाडी घेऊन बांधावर उभा होता, क्रेट उतरवायचीच बाकी होती. दादाने त्याला चहा पाजला आणि चार दिवसांनी यायला सांगितलं.